स्पितीच्या वाटेवर जिप्सीच्या स्टिअरिंगचा माग

आतेभावाने चंदीगडला एक जुनी मारुती जिप्सी विकत घेतली आणि ती पुण्याला आणण्याआधी हिमाचलातल्या स्पितीतून फिरवून आणायची असे आम्ही ठरवले. विकणाऱ्याने गाडीविषयी एवढेच सांगितले होते की स्टिअरिंगला जरा त्रास होता, पण आता नवा डॅम्पर, म्हणजे स्टिअरिंगचे हिसके शोषणारा दांडा, आणि टाय रॉडची नवी टोके बसवली आहेत. माझी बरीच वर्षे गाड्यांच्या दुरुस्तीत गेलेली असल्यामुळे हे ऐकून माझे समाधान झाले नाही, कुतूहल मात्र वाढले. स्टिअरिंगचा त्रास म्हटले की त्यात किमान चार वेगळ्या तक्रारी दडलेल्या असू शकतात. गाडी सरळ रस्त्यावर भरकटते, ब्रेक दाबला की एका बाजूला ओढते, स्टिअरिंग जड लागते, किंवा खड्डा लागताच पुढची चाके लटलटू लागतात. या प्रत्येकीचे मूळ निराळ्या जागी असते, आणि आपली तक्रार नेमकी कोणती हे ठरवण्याआधीच सुटे भाग बदलत सुटणाऱ्या गॅरेजांना गिऱ्हाइकाच्या पैशाने अंदाज बांधण्याची सवय लागलेली असते.

जिप्सी १९८५ मध्ये भारतीय बाजारात आली आणि पुढे तीसहून अधिक वर्षे जवळपास त्याच सांगाड्यावर बनत राहिली. तिचा पुढचा ॲक्सल अखंड असून तो पाट्यांवर, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांवर, बसवलेला असतो. स्टिअरिंग बॉक्स चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बोल्टने आवळलेला असतो, त्याच्या पिटमन आर्मपासून, म्हणजे झुलत्या दांड्यापासून, निघालेली ड्रॅग लिंक पलीकडच्या चाकाकडे जाते, दोन्ही चाके टाय रॉडने एकमेकांना जोडलेली असतात आणि प्रत्येक चाकाचा नकल, म्हणजे चाक धरून वळणारा भाग, वरच्या व खालच्या किंगपिन बेअरिंगवर फिरतो. या साखळीतील प्रत्येक सांध्याला हात लावून पाहता येतो, त्यासाठी संगणक लागत नाही. वीस वर्षे वापरलेल्या गाडीत यातले काही ना काही झिजणारच. प्रश्न फक्त काय झिजले आहे एवढाच असतो.

पहिला दिवस: चंदीगड ते नारकंडा

परवाणूच्या पुढे सोलनपर्यंतचा रस्ता चौपदरी आणि गुळगुळीत असल्यामुळे गाडीला प्रथमच वेग मिळाला. ताशी पासष्टच्या सुमारास पुलाच्या जोडावरून डावे चाक गेले आणि स्टिअरिंग आतेभावाच्या हातात इतक्या जोराने इकडेतिकडे फिरू लागले की डॅशबोर्डावरचा चष्मा खाली पडला. त्याचा पाय ब्रेककडे गेलेला पाहून मी त्याला थांबवले, कारण अशा वेळी जोरात ब्रेक दाबला तर भार पुढच्या चाकांवर येतो आणि लटलट आणखी वाढते. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग घट्ट पण न झगडता धरायचे आणि वेग आपोआप उतरू द्यायचा. चाळिशीपर्यंत वेग उतरला तशी चाके एकदम शांत झाली, जणू काही घडलेच नव्हते.

वाटेत चहाला थांबलो तेव्हा मी वहीत तीन रकाने आखले आणि पुढे दिवसभर प्रत्येक लक्षण आपापल्या रकान्यात टिपत गेलो. पहिल्या रकान्यात ही लटलट, जिला गॅरेजमध्ये वॉबलिंग म्हणतात. ती सपाट रस्त्यावर आपणहून सुरू होत नव्हती, तिला डाव्या चाकाखाली एखादा धक्का लागत होता, आणि एकदा सुरू झाली की वेग उतरेपर्यंत थांबत नव्हती. दुसऱ्या रकान्यात भरकटणे: शिमल्याच्या अलीकडच्या सरळ पट्ट्यांवरही स्टिअरिंग सतत थोडे थोडे दुरुस्त करावे लागत होते. तिसरी तक्रार ठियोगच्या पुढे उतारावर कळली. ब्रेक दाबताच गाडीचे नाक डावीकडे वळत होते आणि ब्रेक सोडताच ते सरळ होत होते. या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच असेल असे गृहीत धरायचे नाही, एवढे मी तेव्हाच ठरवले. आतेभावाचे मत वेगळे होते. ‘दादा, एक काहीतरी बिघडले आहे, ते सापडले की सगळे सुटेल,’ असे तो नारकंड्याला जेवताना म्हणाला. तरुण मालकाची ही आशा मला समजते.

दुसरा दिवस: नारकंडा ते रेकाँग पेओ

नारकंडा सुमारे २,७०० मीटर उंचीवर आहे आणि सप्टेंबरातही तिथे सकाळी हात गारठतात. गाडी निघण्याआधी इंजिन बंद ठेवून, चारही चाके जमिनीवर टेकलेली असताना मी खाली झोपलो आणि आतेभावाला स्टिअरिंग दोन्ही बाजूंना फक्त वीतभर हलवत राहायला सांगितले. ही सर्वांत साधी आणि सर्वांत फळ देणारी तपासणी आहे. चाके उचललेली असली तर सांध्यांवर भार येत नाही आणि ढिलाई लपते, जमिनीवर मात्र टायरचा विरोध असल्यामुळे जिथे प्ले असेल तिथे आधी एक भाग हलतो आणि मग दुसरा. सांध्यावर असा तळहात ठेवायचा की दोन बोटे एका भागावर आणि दोन दुसऱ्यावर राहतील, म्हणजे डोळ्याला न दिसणारी ढिलाईही बोटांना कळते. टाय रॉडची नवी टोके घट्ट होती. ड्रॅग लिंकची दोन्ही टोके ठीक होती. स्टिअरिंगच्या दांड्यावरचे रबर कपलिंग तडकलेले नव्हते. बॉक्सचे बोल्ट मी पान्याने पुन्हा आवळून पाहिले आणि त्यांच्याभोवतीची चासी चिंधीने पुसून टॉर्चने नीट निरखली, कारण जुन्या गाड्यांत बॉक्सच्या बुडाशी चासीलाच बारीक चीर गेलेली असते आणि ती चिखलाखाली महिनोन्महिने दिसत नाही. इथे तसे काही नव्हते.

म्हणजे गॅरेजने बदललेल्या भागांत दोष नव्हता, किंवा असलाच तर तो आता राहिला नव्हता. तरीही वॉबलिंग तसेच होते.

नारकंड्याहून सतलजच्या खोऱ्यात उतरताना ब्रेकचा भरपूर वापर झाला आणि डावीकडची ओढ रामपूरपर्यंत स्पष्ट जाणवत राहिली. गाडी ओढते म्हटल्यावर ब्रेकचाच संशय आधी येतो. एका बाजूचा कॅलिपर अडकलेला असेल तर त्या बाजूचे चाक जास्त तापते. रामपूरला थांबताच दोन्ही पुढच्या रिमांच्या जवळ हात नेऊन पाहिला, दोन्हीकडची ऊब सारखीच होती. मग एक वेगळी तपासणी केली. गाडी पहिल्या गिअरमध्ये किंचित पुढे सरकवायची आणि लगेच ब्रेक दाबायचा, असे आतेभाव करत राहिला आणि मी बाजूला बसून डाव्या पाट्याच्या मागच्या डोळ्याकडे, म्हणजे टोकाच्या गोल कडीकडे, पाहत राहिलो. जिप्सीच्या पुढच्या पाट्याचे मागचे टोक चासीला पक्के असते आणि पुढचे टोक शॅकलवर, म्हणजे हलत्या दुव्यावर, झुलते. त्या पक्क्या टोकातले रबराचे बुश इतके गेलेले होते की दर ब्रेकला पाट्याचा डोळा बोल्टभोवती मागे सरकताना दिसत होता. डाव्या बाजूचा ॲक्सल ब्रेकखाली मागे गेला की दोन्ही चाकांची दिशाच डावीकडे वळते, स्टिअरिंग कोणी फिरवलेले नसले तरी.

जेओरीनंतर रस्ता कड्यात कोरलेला आहे आणि पुढे वांगतू, करछम असा तो नदीच्या काठाकाठाने जातो. त्या भागात वेग कमीच असल्यामुळे वॉबलिंगची पाळी आली नाही. पेओच्या एका छोट्या गॅरेजात संध्याकाळी बुश मिळाले. दोन्ही बाजूंचे बदलून घेतले आणि एक साधी काळजी घेतली: बुशचा बोल्ट गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळायचा नाही. चाके जमिनीवर टेकवून, भार आल्यावरच आवळायचा, नाहीतर रबर पिळलेल्या स्थितीत अडकते आणि काही महिन्यांत फाटते.

तिसरा दिवस: रेकाँग पेओ ते नाको

निघण्यापूर्वी पुढची चाके मागे आणि मागची पुढे घातली. टायर वाकडा, फुगलेला किंवा असंतुलित असेल तर त्याची थरथर त्याच्याबरोबर मागे जाते आणि स्टिअरिंगवरून नाहीशी होते. या अदलाबदलीला खर्च काही येत नाही आणि एक मोठा संशयित एकदम बाजूला होतो, तरीही ती न करता थेट बॅलन्सिंगच्या यंत्रावर जाणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. चाके काढताना पुढच्या टायरांवरून तळहात आडवा फिरवला. एका दिशेने नक्षीच्या गोट्या गुळगुळीत लागत होत्या आणि उलट दिशेने धारदार. आतल्या कडा जास्त घासलेल्या होत्या. पुढची चाके पुढच्या बाजूने फाकलेली असली, म्हणजे टो-आउट असली, की टायर असेच झिजतात. वहीत तेवढी नोंद केली.

पेओहून उतरताना ब्रेकची ओढ संपूर्ण गेलेली होती. तिसरा रकाना बंद झाला. स्पिल्लोच्या अलीकडे थोडा मोकळा पट्टा मिळाला, तिथे साठीच्या पुढे जाऊन एका उंचवट्यावरून डावे चाक घेतले, आणि वॉबलिंग पुन्हा आले. म्हणजे टायरही संशयातून सुटले.

खाबच्या पुलाजवळ स्पिती नदी सतलजला मिळते. तिथून डोंगराच्या छातीवर चढत जाणाऱ्या वळणांना सगळे ‘का लूप्स’ म्हणतात. छायाचित्रांसाठी ती जागा प्रसिद्ध आहे, मला मात्र ती भरकटण्याच्या तपासणीसाठी उत्तम मिळाली. तीव्र वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंगवरची पकड सैल केली की निरोगी गाडीत ते आपोआप सरळ होऊ लागते. आमच्या गाडीत ते वळलेलेच राहत होते आणि हाताने परत आणावे लागत होते. हे परत येणे कास्टरमुळे घडते. चाक ज्या अक्षाभोवती वळते, तो किंगपिनचा अक्ष वरच्या बाजूने थोडा मागे झुकलेला असतो. सायकलचा पुढचा चिमटा झुकलेला असतो म्हणून हँडल सोडूनही ती सरळ चालते, तसेच हे आहे. अशा पाट्यांच्या गाड्यांत हा कल साधारण तीन-चार अंशांचा असतो आणि तो गेला की गाडीला सरळ राहण्याची ओढच उरत नाही.

नाकोला पोचल्यावर कारण शोधायला फार वेळ लागला नाही. शॅकल मूळ लांबीपेक्षा दोन-अडीच बोटे लांब होते. गाडी उंच दिसावी म्हणून आधीच्या मालकाने ते बसवले असणार. शॅकल पुढच्या टोकाला असल्यामुळे ते लांब केले की चासीच्या तुलनेत पाट्याचे पुढचे टोक खाली जाते, पाट्याबरोबर ॲक्सलही पुढे कलतो आणि किंगपिनचा मागचा झुकाव कमी होतो. उंची वाढवण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे आणि माझ्या मते सर्वांत वाईटही. आतेभावाला गाडीची उंचीच आवडली होती, त्यामुळे या विषयावर जेवताना आम्ही फार बोललो नाही.

चौथा दिवस: नाको ते काझा

मलिंगच्या नाल्यात पाणी आणि चिखल भरपूर होता. पुढची चाके शाफ्टला जोडणारे फ्री-व्हीलिंग हब लॉक करून, फोर-लो, म्हणजे चारही चाकांचा संथ पण जोरदार गिअर, टाकून गाडी विनासायास पलीकडे गेली. पुढे डांबर लागल्यावर मात्र पन्नाशीत स्टिअरिंगला एक नवीच थरथर आली. आतेभाव घाबरला, पण ही थरथर निराळी होती. तिला धक्का लागत नव्हता, ती वेगाबरोबर वाढत होती आणि वेग स्थिर ठेवला की तीही तशीच राहत होती. रिमच्या आतल्या बाजूला चिखलाचे ओंजळभर ढेकूळ वाळून चिकटले होते. ते टायर लिव्हरने खरवडून काढताच थरथर गेली. असंतुलित चाक आणि वॉबलिंग यांतला फरक समजावून सांगायला मला एरवी फळा लागला असता.

सुमदोच्या अलीकडे मटारची पोती भरलेला एक फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप रस्त्याच्या कडेला उभा होता. चालकाची तक्रार होती की नाल्यानंतर स्टिअरिंग एकदम जड झाले आहे आणि वळणावर गाडी अडखळते. त्याचा लिव्हर पाहिला तर तो फोर-हायमध्येच, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या स्थितीतच, होता. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात, म्हणजे त्यांना जास्त अंतर कापावे लागते. गरजेपुरतीच चारही चाके जोडायच्या या पार्ट-टाइम गाड्यांत पुढचा आणि मागचा शाफ्ट ट्रान्सफर केसमध्ये एकमेकांना घट्ट बांधलेले असल्यामुळे हा फरक भरून निघायला जागा नसते. चिखलात टायर घसरून तो भरून काढतात, कोरड्या डांबरावर घसरायला वाव नसतो आणि ताण शाफ्टमध्ये साठत जातो. लिव्हर टू-व्हीलवर येईना, म्हणून गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्यायला लावली. ताण सुटला तसा लिव्हर हलका झाला. त्याच्या पिकअपला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन होते, आमच्या गाडीला अखंड ॲक्सल, पण हा नियम दोघांनाही सारखाच लागू आहे.

ताबोचा मठ ९९६ मधला आहे. आत जाऊन भिंतींवरची जुनी चित्रे पाहिली आणि संध्याकाळ व्हायच्या आत काझा गाठले.

पाचवा दिवस: काझा

हा दिवस प्रवासाचा नव्हता, पण सगळ्या प्रवासात मला सर्वांत मोलाचा वाटला तो हाच.

काझा सुमारे ३,६५० मीटरवर आहे. चंदीगडला टायरमध्ये भरलेली हवा इथे मीटरवर चार-पाच पीएसआयने जास्त दिसू शकते, कारण मीटर आतल्या आणि बाहेरच्या दाबांतला फरक दाखवतो आणि बाहेरचा दाब इथे बराच कमी झालेला असतो. थंडीने त्यातला काही भाग पुन्हा उतरतो. म्हणून सकाळी टायर थंड असतानाच चारही चाकांची हवा सारखी केली आणि मग रंगरिकच्या दिशेने जाणाऱ्या सपाट रस्त्यावर गेलो. तिथे डॅम्परचे बोल्ट सोडून तो काढून ठेवला. काही वाचकांना हे धाडसाचे वाटेल, पण रस्ता रिकामा होता आणि वेग मी चाळीस-पंचेचाळीसच्या वर नेणार नव्हतो. डॅम्पर लटलट शोषून घेतो, तिचे कारण दूर करत नाही. चंदीगडच्या गॅरेजने नवा डॅम्पर बसवल्यामुळे एवढेच झाले होते की पूर्वी कमी वेगाला दिसणारा दोष आता पासष्टला दिसत होता, म्हणजे जिथे तो अधिक घातक असतो तिथे. डॅम्परविना चाळिशीतच एका दगडावरून जाताना चाके लटलटली, आणि खिडकीतून वाकून पाहणाऱ्या आतेभावाला स्पष्ट दिसले की सुरुवात डाव्या चाकापासून होते.

परत येऊन डावे चाक जॅकवर घेतले. घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी दोन्ही हात धरून चाक आतबाहेर हलवले तर ‘खट’ असा आवाज आला आणि चाक जाणवण्याइतके हलले. ही ढिलाई हबच्या बेअरिंगची असू शकते किंवा किंगपिनची, आणि दोन्ही हाताला सारखीच लागतात. त्यांना वेगळे करण्याची युक्ती अशी की दुसऱ्याने ब्रेक दाबून धरायचा. ब्रेकने डिस्क कॅलिपरला, म्हणजे नकलला, बांधली जाते. त्यामुळे हब बेअरिंगची ढिलाई असेल तर ती नाहीशी होते आणि किंगपिनची असेल तर तशीच राहते. आतेभावाने ब्रेक दाबला. चाक पूर्वीइतकेच हलले. उजव्या चाकात अशी काही ढिलाई नव्हती.

काझ्यातल्या एका मिस्त्रींच्या छपराखाली गाडी लावली. ते लष्करातून निवृत्त झालेले होते आणि जिप्सी त्यांनी असंख्य वेळा उघडलेली होती. त्यांनी चाकाकडे पाहण्याआधी नकलच्या मागच्या बाजूची नमद्याची पट्टी बोटाने उचलली, तिला लागलेले ग्रीस आम्हाला दाखवले आणि म्हणाले, ‘साहब, पानी पी गया है.’ ग्रीस काळे किंवा तपकिरी असायला हवे होते, ते ताकासारखे पांढुरके झालेले होते. जिप्सीचा नकल बंद गोळ्यावर फिरतो आणि आतले ग्रीस या पट्टीने अडवलेले असते. पट्टी फाटली की प्रत्येक नाल्याचे पाणी आत जाते, आणि ते सर्वांत खाली, म्हणजे खालच्या किंगपिन बेअरिंगवर साठते.

टाय रॉड आणि ड्रॅग लिंक सोडवली, हब आणि ॲक्सल शाफ्ट बाहेर काढला. ड्रॅग लिंक सुटलेली असतानाच स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून घेतले. मधल्या जागी बॉक्स किंचित घट्ट लागतो आणि तसाच लागायला हवा. पण इथे तो नको इतका घट्ट होता, आणि वरच्या ॲडजस्टिंग स्क्रूच्या नटावर पान्याचे ताजे ओरखडे दिसत होते. प्ले काढण्यासाठी हा स्क्रू आवळत जाणे हा अनेकांचा आवडता उपाय आहे. तेवढ्यापुरते स्टिअरिंग घट्ट वाटते, पण बॉक्स आतून झिजत राहतो आणि वळणानंतर स्टिअरिंग परत यायला आणखी नाखूश होते. मिस्त्रींनी स्क्रू थोडा सोडला, चाके सरळ असण्याच्या जागी हाताने अंदाज घेतला आणि नट लावला.

मग किंगपिनच्या टोप्या. वरची आणि खालची टोपी काढताना त्यांच्या खालच्या शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या, वेगवेगळ्या कागदांवर ठेवल्या, कारण त्यांची अदलाबदल झाली तर नकल मध्यावरून वर-खाली सरकतो. खालची टोपी निघताच बेअरिंग मिस्त्रींच्या हातात आले. रोलर गंजाने तांबूस झालेले होते आणि त्याच्या बाहेरच्या कपात प्रत्येक रोलरच्या जागी बारीक खाच पडलेली होती. किंगपिन बेअरिंग पूर्ण फेरी कधीच घेत नाही, आयुष्यभर थोड्याशा कोनात इकडेतिकडे होते, आणि बराच काळ सरळ स्थितीतच मार खाते. म्हणून खाचा पडतात त्या चाके सरळ असण्याच्या नेमक्या जागी. झीज झाल्यावर बेअरिंगवरचा मूळ दाब, ज्याला प्रीलोड म्हणतात, नाहीसा होतो. या प्रीलोडमुळे नकलच्या फिरण्याला थोडासा कायमचा विरोध असतो आणि चाकाची लटलट उगवताच विझवणारा खरा डॅम्पर तोच असतो. बाहेर बसवलेला डॅम्पर त्याच्या मदतीला असतो, त्याच्या जागी नव्हे.

नवे बेअरिंग काझ्यात मिळाले नाही. तेव्हा मिस्त्रींनी जे केले ते मी पूर्वी ऐकले होते, स्वतः पाहिले नव्हते. त्यांनी बेअरिंग डिझेलने धुऊन, पॉलिश पेपरने गंज उतरवून ग्रीसने भरले. नंतर बाहेरचा कप हलकेच ठोकून काढला आणि रोलरांच्या अंतराच्या निम्म्याने फिरवून पुन्हा बसवला, म्हणजे चाके सरळ असताना रोलर खाचांत न बसता त्यांच्या मधल्या अखंड भागावर टेकतील. हा तात्पुरता इलाज आहे, हे त्यांनी आम्हाला पुन्हा पुन्हा बजावले. प्रीलोडसाठी खालच्या टोपीची एक पातळ शिम काढली आणि दाब मोजायला शेजारच्या भाजीवाल्याचा हुकाचा स्प्रिंगकाटा मागून आणला. टाय रॉडच्या भोकात हुक अडकवून नकल आडवा ओढायचा आणि तो हलू लागताना काटा काय दाखवतो ते पाहायचे. उजवा नकल दीड किलोच्या आसपास हलत होता. डावा आधी बोटानेच फिरत होता, आता तोही सव्वा किलोवर आला. आणखी एक शिम काढावी असा मोह मला झाला होता, पण प्रीलोड जास्त झाला तर स्टिअरिंग जड होते आणि जिकडे वळवावे तिकडेच राहते.

सगळे परत जोडल्यावर टो मोजला. चाक उचलून फिरवत टायरच्या मध्यावर खडूचा पट्टा ओढला, त्यावर खिळ्याने बारीक रेघ कोरली, गाडी खाली उतरवून थोडी पुढे ढकलली आणि मोजपट्टीने पुढच्या व मागच्या बाजूचे अंतर घेतले. पुढचे अंतर मागच्यापेक्षा चांगले सहा-सात मिलिमीटर जास्त होते. टाय रॉडची नवी टोके बसवणाऱ्याने टो लावलाच नव्हता. नाकोला जाताना टायरवर हाताला लागलेल्या धारा याच होत्या. टाय रॉडच्या दोन टोकांचे आटे एकमेकांच्या उलट असतात, त्यामुळे लॉकनट सैल करून नुसता रॉड फिरवला तरी लांबी बदलते. पुढचे अंतर मागच्यापेक्षा तीन-चार मिलिमीटर कमी होईपर्यंत तो फिरवला आणि नट आवळले.

सहावा दिवस: काझा ते मनाली

लोसरपर्यंत काही सपाट पट्टे मिळाले. तिथे मुद्दाम खाचखळग्यांवरून साठीच्या पुढे गेलो आणि चाके शांत राहिली. डॅम्पर जागेवर बसवलेला होता खरा, पण वर सांगितलेल्या दगडावरून त्याच्याविनाही काझ्यात एकदा जाऊन पाहिले होते. पुढे कुंझुम, सुमारे ४,५५० मीटर, आणि तिथून बातल, छोटा दरा, छतरूपर्यंत दगडधोंड्यांचा आणि नाल्यांचा रस्ता. तिथे ताशी पंधरा-वीसच्या वर कोणी जात नाही, त्यामुळे स्टिअरिंगविषयी नोंदवण्यासारखे फार नव्हते. एवढेच पाहिले की प्रत्येक खोल नाल्यानंतर काझ्यात बसवलेली नवी नमद्याची पट्टी कोरडी राहते. अटल बोगदा २०२० मध्ये खुला झाल्यापासून रोहतांगचा चढ टळतो, नऊ किलोमीटरचा तो सरळ रस्ता मात्र भरकटणे तपासायला फार चांगला ठरला. टो दुरुस्त झाल्यामुळे सुधारणा ठळक होती, तरी स्टिअरिंगवरून हात काढावा इतका विश्वास गाडीने दिला नाही.

सातवा दिवस: मनाली ते चंदीगड

सकाळी मनालीत दोन्ही बाजूंची नवी किंगपिन बेअरिंगे, कपासकट, आणि नव्या पट्ट्या बसवल्या. आतेभावाने उजवी बाजूही बदलायचा आग्रह धरला आणि मीही विरोध केला नाही, कारण उजवा नकल आज ठीक असला तरी त्याने तेच नाले पार केलेले आहेत. सुंदरनगरच्या पुढे चौपदरी रस्त्यावर पुलांच्या जोडांवरून ऐंशीने गेलो. वहीतला पहिला रकाना तिथे बंद केला.

दुसरा अजून उघडा आहे. कास्टर परत आणण्याचे दोन मार्ग आहेत: पाटा आणि ॲक्सल यांच्या मध्ये पोलादी पाचर बसवून ॲक्सल मागे कलवायचा, किंवा मूळ लांबीचे शॅकल लावायचे. पाचरीने उंची टिकते, पण ॲक्सल फिरल्यामुळे डिफरन्शिअलचे तोंड खाली झुकते आणि उंचावलेल्या चासीकडून येणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यावर जास्त कोन पडतो. मूळ शॅकलने दोन्ही गोष्टी एकदम जागेवर येतात. आतेभावाने पुण्यातल्या एका लेथवाल्याला चार अंशांच्या पाचरींचे माप फोनवरून सांगितले आहे. मी जुन्या बाजारात मूळ शॅकलची जोडी शोधायला सांगून ठेवली आहे.